बंद कूलर रिकामे करून भागत नाही, घासावे लागतात

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

दिनांक : २० जून

महोदय,
स.न.वि.वि.

मृग सरत आला. कूलर बंद झाले, पण खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर ते तसेच उभे आहेत. काहींच्या टपात उन्हाळ्यातले पाणी आहे, काहींच्या टपात आता पावसाचे साचते आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच लागते : स्वच्छ, सावलीतले, स्थिर पाणी.

‘आम्ही पाणी ओतून दिले’ असे बहुतेक जण सांगतील. चूक नेमकी तिथेच होते. या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर पत्र्याला चिकटवते. काळी, खसखशीहूनही बारीक. पाणी गेले तरी ती पत्र्यावरच राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

म्हणून आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून पाण्यात हात घालू नये, पत्र्याच्या कूलरला करंट उतरतो. मग बूच काढून पाणी सोडावे. बुचाच्या खाली बोटभर पाणी उरतेच, ते फडक्याने टिपावे. नंतर ताठ ब्रशने चारही बाजू, कोपरे, पंपाची बैठक आणि विशेषतः क्षारांचा पांढरा पट्टा खरडून घासावा. अंडी त्या खरबरीत थरातच अडकतात. टप दिवसभर उन्हात वाळू द्यावा. गंज दिसल्यास रेड ऑक्साइडचा हात मारावा. पंप काढून घरात ठेवावा.

कूलरच्या जाळीतल्या जुन्या गवताच्या ताट्या पुढल्या वर्षासाठी गच्चीवर टाकू नयेत, त्यांच्यातही अंडी असू शकतात. जाळूही नयेत, बांधून कचरागाडीत द्याव्यात. कूलर झाकताना प्लॅस्टिक ताणून बांधावे. सैल राहिले तर वरच पावसाचे डबके होते.

फॉगिंगच्या खर्चाबद्दल माझे स्पष्ट मत आहे. धुराने उडते डास मरतात, अळ्या आणि अंडी नाही. आठवड्याने नवे डास तयार. शिवाय हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही, म्हणजे आपल्याला चावणारा बहुधा आपल्याच आवारात वाढलेला असतो. तेच पैसे सफाईच्या मजुरीला लावावेत.

समितीने येत्या रविवारी सर्व विंगमध्ये एकाच वेळी कूलर घासण्याची सूचना लावावी आणि पाऊस संपेपर्यंत दर रविवारी ‘कोरडा दिवस’, म्हणजे साचलेले पाणी काढून भांडी कोरडी करण्याचा दिवस, पाळावा. कुलूपबंद फ्लॅटची यादी करून मालकांना फोन करावेत. मोठी अडचण तीच आहे, कारण ते कूलर पावसाने भरतात आणि कोणी बघत नाही. ज्येष्ठांच्या मदतीला एक माणूस द्यावा. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे आणि ओव्हरफ्लो पाइपच्या जाळ्या त्याच दिवशी तपासाव्यात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असल्यास ते लिफ्टच्या मेकॅनिककडूनच काढून घ्यावे. उपसता न येणाऱ्या पाण्यासाठी महापालिकेच्या मलेरिया-फायलेरिया विभागाकडे अळीनाशकाची मागणी करावी. पिण्याच्या टाकीत मात्र कोणी मनाने काही टाकू नये.

गच्चीची किल्ली शनिवारी संध्याकाळी वॉचमनकडे ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक सभासद