क्रीडामंत्री महोदय, गुडघा जुळला. मनाचं कोण बघणार?

मा. क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या सत्कारात माईकवरून सरकारचा शब्द दिला गेला होता: दुखापतीतून परतणाऱ्यांसाठी क्रीडासंकुलात मानसशास्त्रज्ञ नेमू. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवता याव्यात म्हणून कुबड्या आईकडे दिल्या होत्या. परवा त्याच सोयीची चौकशी करायला गेले. उत्तर मिळालं, "असं पदच नाही. आणि पाय बरा झालाय ना? मग रोज मारुतीला जात जा." तिथेच रडू आलं, म्हणून हे पत्र.

मी कबड्डी खेळते, चढाई करते. उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, तुटला, शस्त्रक्रिया झाली, दहा महिने फिजिओथेरपी झाली. त्यासाठी वडिलांनी काढलेलं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. कागदावर मी ठणठणीत आहे.

मॅटवर मात्र वेगळंच होतं. मधली रेषा ओलांडते, दम सुरू असतो, चढाईत ओलांडावी लागते ती 'निदान रेषा' हातभर पुढे दिसते. कोपऱ्यातल्या मुलीचा हात घोट्याकडे नुसता हलला की पाय थिजतो. निदान रेषा न ओलांडताच परत फिरते. नियमाने बाद. गुरुवारच्या सरावात सलग चार वेळा. ती मुलगी सतरा वर्षांची, तिला वाटलं ताई मुद्दाम सोडतेय. रात्री गुडघ्यातला तो 'टक्' आवाज पुन्हा ऐकू येतो आणि मी दिवा लावून गुडघा चाचपत बसते. यादीतून नाव जाईल या भीतीने आजवर प्रशिक्षकांनाही सांगितलं नव्हतं. आता जे व्हायचं ते होवो.

"विनेश आली ना परत?" असं मला सगळे ऐकवतात. आली. कुस्तीपटू विनेश फोगाटचा 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेलं, 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. मधल्या दोन वर्षांतल्या रात्री कुणी मोजल्या? आमच्या संघात बारा जणी, त्यातल्या पाच जणींचे गुडघे गेलेत. दोघींनी खेळ सोडला, एकीचं लग्न लावून दिलं. तुमच्या कोणत्या रजिस्टरात त्या आहेत?

सगळी व्यवस्थाच अशी आहे, महोदय. पदक आलं की मिरवणूक, पाय मोडला की घरी. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जायला वर्गणी गोळा करावी लागली. कांस्य आणलं. पुढच्या ऑलिम्पिकआधी त्यांचाही गुडघाच दुखावला आणि कुस्ती थांबली. अर्जुन पुरस्कार दिला तो माणूस गेल्यावर. सत्तर वर्षांहून जास्त काळ झाला, आणि जखमी खेळाडूला आजही मारुतीकडे पाठवता! मारुतीवर माझी श्रद्धा आहे, शनिवार मी कधी चुकवत नाही. पण सरकारचं काम त्याच्यावर ढकलू नका.

प्रत्येक जिल्हा संकुलात आठवड्यातून एक दिवस क्रीडा मानसशास्त्रज्ञ बसवा. दुखापतीच्या अर्जात हाड, स्नायू, अस्थिबंध असे रकाने आहेत, तिथे मनासाठी एक रकाना वाढवा. आणि तिथे जे लिहिलं जाईल ते निवड समितीकडे जाणार नाही, असा लेखी आदेश काढा, नाहीतर कुणीही खरं लिहिणार नाही.

निवड चाचणीला सहा आठवडे आहेत. उद्या सकाळी साडेसहाला मी पुन्हा मॅटवर असेन. उत्तरात आश्वासन नको, नेमणुकीची तारीख कळवा.

आपली,
एक कबड्डीपटू