लॉनला पाणी पाजण्यापेक्षा विष्णुक्रांता लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जळगावात मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास, नळाला रोज पाणी नाही, पण कॉलनीच्या ओपन स्पेसमधे लॉन पाहिजेच. बोअरचं पाणी पाजलं, बोअर आटला तर टँकर बोलावला, लॉन शेवटी पिवळं पडलंच. सगळ्या देशाला ठिबक पुरवणारं आपलं गाव आणि बागेत आम्ही पाइप धरून उभे, काय बोलणार.

मी माझ्यापुरतं घरासमोरचं लॉन काढून विष्णुक्रांता लावली. नर्सरीत मागितली तर मोठ्या निळ्या फुलांची कुंडी पुढे केली, दिसायला भारी आहे पण ती ब्राझीलकडची, ब्लू डेझ म्हणतात तिला. आपली विष्णुक्रांता माळावर, मुरमाड बांधावर जमिनीला चिकटून पसरते, फूल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं पण निळं असं की चालता चालता थांबावं लागतं. पानांवर रेशमी लव असते त्यामुळे उन्हात पाणी कमी उडतं, आणि मूळ लाकडासारखं टणक.

त्या मुळामुळेच उपटून आणलेलं रोप जगत नाही, माझी सहाच्या सहा गेली (आणि माळावरून उपटूही नये, चुकलंच माझं). बियाच धरा. बी कडक कवचाचं, नुसतं फेकलं तर दोन-चारच उगवली, पुढच्या वर्षी पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवलं मग जूनमधे बरीच आली. नुसत्या काळ्या मातीत लावू नका, पाणी साचतं आणि मूळ कुजतं, मी निम्मा मुरूम मिसळला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिलं, आता तेही बंद.

मे महिन्यात मात्र वरचं सगळं वाळतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खुरपं घेऊन बसल्याच होत्या, "हाई ते सुकी गयं ना भाऊ!" कसंबसं थांबवलं त्यांना, आणि पहिल्या पावसानंतर त्याच मुळांना हिरवे कोंब.

ओपन स्पेसचा निदान एक कोपरा असा करून बघावा असं कॉलनीच्या मीटिंगमधे मी म्हटलं, तर सगळे म्हणे आधी फुलं दाखवा. पावसाळ्यात या म्हटलं, पण सकाळी, दुपारपर्यंत मिटून जातात. दोघं आले, साडेबाराला.

आपला एक वाचक,
जळगाव