आसाफाचा वाटा

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रस्त्यात जमीन गेली, चुलत भावाला मोबदला मिळाला, त्याच्या दारात नवी गाडी आली, आणि तेव्हापासून तू प्रार्थनेला बसलास की ती गाडीच डोळ्यांपुढे येते. हे तू मोकळेपणानं लिहिलंस, फार बरं केलंस. तुला बायबलमधलं एकच स्तोत्र सुचवतो, त्र्याहत्तरावं.

ते आसाफाच्या नावावर आहे. आसाफ लेवी वंशातला, म्हणजे देवाच्या सेवेसाठी वेगळ्या ठेवलेल्या वंशातला; दावीद राजानं देवाच्या कराराच्या कोशापुढे झांजा वाजवायला नेमलेला मुख्य गायक. इस्राएलाच्या वंशांना देश वाटून दिला तेव्हा लेव्यांना मुलूख मिळाला नाही. राहायला 48 नगरं आणि भोवतालची गायरानं मिळाली, तीही इतर वंशांच्या हद्दीत. गणना 18:20 मध्ये देव लेवी वंशातल्या अहरोन याजकाला सांगतो की या देशात तुला वतन नाही, तुझा वाटा मीच. म्हणजे ज्याच्या नावावर सातबाराच नाही, अशा माणसाचं हे गाणं. 26 व्या वचनात तो देवाला ‘माझा वाटा’ म्हणतो, तो शब्द जमिनीच्या वाटणीतला आहे. हे ठाऊक नसलं की ते वचन नुसतं गोड वाटतं आणि हातून निसटतं.

वाचताना एक कर. 28 वचनं आहेत. मोठ्यानं वाच आणि सर्वनामांवर बोट ठेव. 4 ते 12 मध्ये सगळं ‘ते’ आणि ‘त्यांचं’: त्यांची धष्टपुष्ट शरीरं, त्यांचा गर्व, त्यांची वाढती संपत्ती. 13 आणि 14 मध्ये पुन्हा ‘मी’ येतो: मी मन शुद्ध ठेवलं ते फुकट गेलं. इथपर्यंत देवाविषयी बोलणं झालंय, देवाशी एक शब्दही नाही. हेव्याचं हेच आहे, तो देव नाकारत नाही, त्याच्याकडे पाठ करून बसवतो. देवाला उद्देशून पहिला शब्द येतो 15 व्या वचनात, आणि तोही कशावरून? मी हे असं बोलत सुटलो असतो तर तुझ्या लेकरांचा घात झाला असता, या विचारावरून. म्हणून घरात पोरांदेखत मोबदल्याचा विषय काढू नकोस. तुझी कडवट वाक्यं ती पाठ करतील.

17 व्या वचनात तो पवित्रस्थानात जातो. मनातल्या मनात नव्हे, जिथे इतर लोक जमतात तिथे. तू तीन रविवार उपासनेला गेला नाहीस, कारण भाऊ पुढच्या बाकावर असतो. तरी जा. प्रभुभोजनाला त्याच रांगेत उभा राहा.

बहुतेकांची चूक पुढे होते. 18 ते 20 मध्ये धनवान गर्विष्ठांची जागा किती निसरडी आहे हे आसाफाला दिसतं. पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि समाधान पावतात, की चला, एक दिवस तेही पडतील. ते समाधान म्हणजे हेवाच, फक्त त्यानं वाट पाहायचं ठरवलेलं असतं. आसाफ थांबत नाही. 22 मध्ये तो स्वतःला तुझ्यापुढे पशूसारखा होतो असं म्हणतो, आणि 23 ते 25 मध्ये फक्त ‘तू’ आणि ‘मी’ उरतात: तू माझा उजवा हात धरलास. शत्रूची जमीन आपल्याला मिळाली, असं स्तोत्रात कुठेही येत नाही.

आता कागद घे, मधोमध रेघ मार. डावीकडे भावानं खरोखर काय चुकीचं केलं ते लिही: खोटी सही, लपवलेली नोटीस, तुझ्या हिश्शाचे पैसे, जे पुराव्यानिशी दाखवता येईल तेवढंच. उजवीकडे त्याच्याकडे नुसतं काय आहे ते लिही: गाडी, स्लॅबचं घर, लोकांत मान. डावी बाजू घेऊन वकिलाकडे जा; न्याय मागणं म्हणजे हेवा नव्हे. ‘देव माझा वाटा’ हे वचन गरिबाचं तोंड बंद करायला वापरणाऱ्यांना नहेम्या 13:10 दाखव. लेव्यांना आणि गायकांना लोकांच्या दशमांशातून मिळायचे ते वाटे दिले गेले नाहीत, म्हणून ते आपापल्या शेतांकडे निघून गेले. तिथला सुभेदार नहेम्या यानं त्यांना अल्पविश्वासी ठरवलं नाही, अधिकाऱ्यांना जाब विचारला. दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या की मात्र घोटाळा होतो: कोर्टात गाडीचा राग निघतो आणि प्रार्थनेत सर्व्हे नंबर येतात.

उजवी बाजू देवापुढे ने. रोज रात्री त्यातली एकच गोष्ट घे आणि भावाचं नाव घेऊन तिच्यावर आशीर्वाद माग: त्याची गाडी रस्त्यावर सुखरूप राहो. पहिले काही दिवस शब्द कोरडे निघतील, जिभेला जड वाटतील. त्याला ढोंग समजून सोडू नकोस. मन मागून येतं. मात्र ‘मी आशीर्वाद मागतो, तू मला दे’ असा व्यवहार त्यात घालू नकोस; तसं केलंस तर महिन्याभरात देवावरच रुसशील. त्यानंतर 25 आणि 26 ही दोन वचनं म्हण आणि दिवा मालव.

भावाचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्यूट कर. आजच कर.

वकिलाकडे जाताना फेरफाराची नक्कल बरोबर ठेव. येत्या रविवारी उपासनेनंतर फोन कर, मी घरीच आहे. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र