सहा महिने तर तो पलंगावरच होता, साहेब : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मार्च 2023 मध्ये माझ्या मोठ्या भावाला एका टेम्पोने मागून उडवलं. दादा वायरमन आहे, काम आटोपून बाईकवरून घरी येत होता, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं पण उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आधी रॉड टाकला, मग जखमेत पू झाला, मग रॉड काढला, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा अँटिबायोटिक्स. ऑगस्ट उजाडला तरी त्याला बाथरूमपर्यंत न्यायला दोन माणसं लागायची, एक मी आणि एक वहिनी. वहिनी रात्री बसल्या बसल्याच झोपायची कारण तो कधी कण्हेल याचा नेम नव्हता.

लोक म्हणायचे क्लेम टाका, टेम्पोचा इन्शुरन्स आहे, पैसे मिळतील. आम्ही म्हणायचो आधी माणूस उभा राहू दे, कोर्टाचं नंतर बघू. त्या ‘नंतर बघू’ने आमचा घात केला. आठव्या महिन्यात आम्ही वकिलाकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अपघाताची तारीख काय? तारीख ऐकून ते जे गप्प झाले ते मी अजून विसरलो नाही.

मोटार वाहन कायदा, कलम 166, पोटकलम 3. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नुकसान भरपाईचा अर्ज आला नाही तर तो घ्यायचाच नाही. साहेब हे पत्र मी फक्त या एका ओळीसाठी लिहितोय. 1988 च्या मूळ कायद्यातसुद्धा सहा महिन्यांचीच मुदत होती पण तेव्हा सबळ कारण असेल तर बारा महिन्यांपर्यंत अर्ज घ्यायची मुभा तरी होती. पुढे 1994 च्या दुरुस्तीत संसदेने ही मुदतच काढून टाकली. जवळपास 27 वर्षं देश मुदतीशिवाय चालला, जखमी माणूस सावरला की अर्ज करायचा. मग 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली, 1 एप्रिल 2022 पासून लागू केली आणि या वेळी उशीर माफ करायची ती जुनी मुभासुद्धा कलमात ठेवली नाही. म्हणजे 1988 पेक्षाही कडक.

घरातला फ्रीज खराब निघाला तर ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं मिळतात. आणि कुणा दुसऱ्याच्या चुकीने माणसाचा पाय गेला तर सहा महिने? हे कुणी आणि कशासाठी ठरवलं ते मला खरंच समजून घ्यायचंय.

आमचा अर्ज वकिलांनी तरीही टाकला. विमा कंपनीच्या उत्तरात पहिलाच मुद्दा होता, अर्ज मुदतबाह्य आहे. टेम्पोवाल्याची चूक होती की नव्हती ते पुढच्या पानांवर. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की निकाल लागेपर्यंत फक्त मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका. म्हणून आमची केस जिवंत आहे. पण अंतरिम म्हणजे अंतरिम, उद्या निकाल उलटा लागला तर काय करायचं? जे संसदेने केलं ते संसदेनेच दुरुस्त करायला हवं, जखमी माणसाने कोर्टाच्या तोंडाकडे बघत बसायचं हे बरोबर नाही.

तुम्ही म्हणाल मुदत ठेवली पण सोबत पोलिसांवर जबाबदारीही टाकली. हो टाकलीये, आणि कागदावर ती खरंच चांगली आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला (म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला द्यायचा, 90 दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि ट्रिब्युनलने तो अहवालच अर्ज म्हणून धरायचा. शिवाय जखमीचे हक्क काय आहेत ते सांगणारा फॉर्म नंबर 2 दहा दिवसांत त्याच्या हातात द्यायचा. सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर 2022 मध्ये हे सगळं नीट पाळा म्हणून सांगितलं. आम्हाला काय मिळालं? पंचनाम्याची कॉपी मागायला गेलो तर चार्जशीट झाल्यावर या. फॉर्म नंबर 2 हा शब्द मी अपघातानंतर आठ महिन्यांनी पहिल्यांदा ऐकला, तोही वकिलांकडून. पोलिसांनी मुदत चुकवली तर त्यांचं काही बिघडत नाही, आमची चुकली तर सगळंच संपतं.

आणि त्या सहा महिन्यांत घरात काय चाललेलं असतं तेही सांगतो. वहिनीने हॉस्पिटलची आणि मेडिकलची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, एक चिठ्ठी फेकली नाही. ती पिशवी वकिलांच्या टेबलावर ओतली तर मेडिकलच्या निम्म्या पावत्या कोऱ्या. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते हे आम्हाला काय माहीत, झेरॉक्स काढून ठेवा असं कुणी सांगितलं नाही. उपचाराचा खर्च दाखवायला बिलं लागतात आणि आमच्याकडे पांढरे कागद होते. वहिनी एकेक पावती उजेडात तिरकी धरून आकडे वाचायचा प्रयत्न करत होती.

अपंगत्वाचं पण तसंच. डॉक्टर म्हणाले हाड पूर्ण जुळल्याशिवाय टक्के लिहिता येणार नाहीत. आम्हाला वाटलं सर्टिफिकेट आल्यावरच अर्ज करायचा असतो. तसं नाही, अर्ज आधी टाकता येतो, सर्टिफिकेट मागाहून देता येतं, आणि अर्ज आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही करता येतो, हे आता कळलं (हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं झालं असेल तर आजच वकील गाठा). भरपाई ठरवताना नुसते टक्के नाही तर त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. दादाच्या पायाचे टक्के काही का येईनात, तो शिडीवर चढू शकत नाही आणि शिडीवर न चढणाऱ्या वायरमनला काम कोण देणार?

चांगल्याला चांगलं म्हणायलाच हवं. 2025 मध्ये तुमच्या खात्याने अपघातग्रस्तांसाठी सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आणली, त्याने जीव वाचतील. पण माणूस वाचल्यावर पुढची वीस वर्षं त्याने काय खायचं ते नुकसान भरपाईवर ठरतं. म्हणून मागणी एवढीच आहे की 166(3) रद्द करा, 1994 साली केली तशीच. तेवढं लगेच होणार नसेल तर निदान उशीर माफ करण्याचा अधिकार ट्रिब्युनलला कलमातच लिहून द्या, आणि पोलिसांनी फॉर्म नंबर 2 दिल्याची सही जखमीकडून घेतलेली नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होऊ देऊ नका.

आमची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दादा म्हणतो मी येणार, माझी केस आहे. मागच्या वेळी त्या पायऱ्या चढायला त्याला पंचवीस मिनिटं लागली होती, मधल्या वळणावर वहिनीने त्याला खाली बसवून पाणी पाजलं होतं.

आपला,
एका वायरमनचा धाकटा भाऊ