सोलापुरात उंडी का नको?

मा. संपादक,

कोकणात समुद्रकाठी उंडी असते ना, पांढरी फुलं, मधे पिवळेधमक केसर, वास तर विचारू नका, ती आपल्याकडं येतच नाही असं नर्सरीवाले सरसकट सांगतात ते काय पटत नाही बघा. रेताड जमीन, खारं वारं सोसणारं झाड ते, त्याला इथं नडतो तो एप्रिल-मेचा कोरडा वारा, कोवळी पानं करपतात, नि भेगाळणारी काळी माती. म्हणून खड्ड्यात वाळू, शेणखत घाला, लहानपणी हिरवी नेट बांधा. बियाचं कडक कवच अलगद फोडूनच लावा नाहीतर कोंबाची वाट बघत बसाल! आणि कुंपणाला खेटून नको, झाड मोठं होतं, शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

– एक वाचक, सोलापूर