कसर

पुणे,
भाद्रपद वद्य पंचमी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

पहाटे घरी पोचले आणि बॅग उघडली, तर कपड्यांच्या मधोमध आजीची वही. आई, ही तूच घातलीस ना, मला न विचारता? वही ओट्यावर ठेवली आणि तिच्या पाठीतून एक रुपेरी किडा निघाला, सळसळत मिक्सरच्या मागं गेला. म्हणजे तुमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली कसर आता आमच्याकडं राहायला आली. चहा तसाच ठेवून मी त्याच्या मागं लागले. सापडला नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून मधेच बोलते आणि विषय गॅसच्या नंबरावर जाऊन संपतो. म्हणून लिहून काढलं.

आधी आईशी बोलते. त्या दिवशी ट्रंक उघडली आणि आजीच्या इरकलीच्या घडीवर जाळी पडलेली दिसली, तेव्हा तू काही बोलली नाहीस. रात्री अंथरुणं घालताना मात्र म्हणालीस, "माझ्या हातनं काय कसर राहिली गं, की कसर लागावी?" मला तेव्हा हसू आलं, आणि तुला राग आला. राग येणं बरोबर होतं. पण आई, कसर घाणीमुळं येत नाही. तिला ओल लागते. हवेत पाऊणशे टक्क्यांच्या वर दमटपणा असला की तिचं बरं चालतं, मग घर आरशासारखं असो नाहीतर उकिरडा. उलट तू मागची खोली पावसाळ्यातसुद्धा दोन वेळा ओल्या फडक्यानं पुसतेस, आणि ती फरशी दुपारपर्यंत वाळत नाही. तू पुसतेस आणि तिची सोय होते. तिथं नुसता झाडू मार, पुसायचं तर ऊन असेल त्या दिवशी.

आता बाबा. तुम्ही म्हणत होता वाळवी आहे. फोटो पाठवल्यावर फोनवरच्या त्या फवारणीवाल्यानंही वाळवीच सांगितली, भिंतीच्या बुडाला भोकं पाडून औषध सोडायचा अठरा हजारांचा आकडा दिला, आणि तुम्ही आगाऊ पैसे देणार होता. बरं झालं मी तेवढ्यात आले. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, भिंतीवर किंवा कपाटाच्या मागं. वाळवी आतून पोखरते, वरून फळी चांगली दिसते आणि बोट दाबलं की आत जातं. आपल्याकडं तसं काहीच नाही. आपल्याकडं कागद वरून खरवडल्यासारखा झालाय, कडा वेड्यावाकड्या कुरतडल्यात, मधे पातळ होऊन उजेड दिसतो, आणि कुठं कुठं पिवळसर डाग. झुरळ असतं तर लेंड्या आणि वास आला असता.

आणि त्या रात्री अकरा वाजता मी तुम्हाला मोबाइलची बॅटरी मारून दाखवलं होतं, तुम्ही चष्मा घातला नव्हता. परत एकदा बघा. अर्धा-पाऊण इंच लांब, पुढं रुंद आणि मागं निमुळता, पंख नाहीत, पुढं दोन लांब मिशा आणि शेपटीला तीन केस. ते तीन केस दिसले की वाद संपला. चालताना माशासारखा वळवळतो. चिमटीत आला तर बोटाला चंदेरी भुकटी लागते, ते त्याचे खवले. पिल्लं पांढरी असतात, तशीच दिसतात, फक्त बारकी. हा किडा मोठा झाल्यावरही जन्मभर कात टाकत राहतो. ट्रंकेच्या कोपऱ्यात तुम्ही ज्याला कोंडा म्हणालात ती ही कातच. माणसाला चावत नाही, रोग पसरवत नाही. फार जुनी जात आहे, डायनासोरच्याही आधीची. तेव्हा आपल्या दोन फवाऱ्यांनी तिचा वंश बुडेल असं समजू नका.

मी बरण्यांचा काय खेळ मांडला होता ते तुम्हाला तेव्हा नीट सांगितलं नाही, कारण आई "लोणच्याच्या बरण्या नासवल्या" म्हणून ओरडत होती. काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आत चिमूटभर कोरडी कणीक. कसर पट्टीवरून वर चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला परत चढता येत नाही. मी तीन ठेवल्या होत्या. सकाळी मागच्या खोलीतल्या बरणीत अकरा, स्वयंपाकघरात सिंकखाली चार, पुढच्या सोप्यात एकही नाही. तुम्ही म्हणालात अकराच तर आहेत. प्रश्न अकराचा नव्हता. घर नेमकं कुठं ओलं आहे ते त्या बरणीनं दाखवलं.

मागची खोली मोरीला लागून. त्या भिंतीला 2019 च्या पुराचं पाणी लागलं, ती वाळते ना वाळते तोवर 2021 ला परत. मला अजून आठवतंय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्यावर गेली की तुम्ही ट्रंका माळ्यावर चढवायला घ्यायचात, आणि 43 ची धोक्याची पातळी यायच्या आत आईला आत्याकडं धाडायचात. ट्रंका वाचल्या, पण भिंतीनं पाणी पिलं. आणि मग आपण काय केलं, डाग दिसू नयेत म्हणून त्या मातीच्या जुन्या भिंतीला कमरेपर्यंत ऑइलपेंट मारला. ही चूक माझी, पैसे मीच पाठवले होते. आता ती भिंत घाम गाळते पण वाळत नाही. पेंटचे फुगे आलेत, फुगा दाबला की आत ओली माती. ते दमटपणा मोजायचं छोटं यंत्र मी तिथं टांगलं होतं, त्यात 84 आला. भर दुपारी. पुढच्या सोप्यात 66 होता. तो 60 च्या आत आला की कसर आपोआप मागं हटायला लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते जमायचं नाही हे मलाही कळतं, पण दसऱ्यानंतरच्या उन्हात जमेल. पेंट खरवडून भिंत उघडी ठेवा, महिना-दोन महिने वाळू दे, मग चुना. दिवाळीआधी रंग पाहिजेच असा हट्ट यंदा नको, आई. पाहुण्यांना मागच्या खोलीत नेऊ नकोस, झालं.

बाबा, एक गोष्ट मी तुम्हाला तिथं बोलले नाही, कारण मलाच ती प्रवासात सुचली. ट्रंकेतल्या सगळ्या वह्या-पुस्तकांना कसर लागली नव्हती. बाजारातून घेतलेल्या पोथ्या, दादाची जुनी पाठ्यपुस्तकं, लग्नाचे अल्बम, यांच्या पाठी खाल्लेल्या. आणि तुम्ही बांधलेली रजिस्टरं शेजारीच, चाळीस वर्षं जुनी, आणि पाठ जशीच्या तशी. मला मंगळवार पेठेतलं तुमचं बाइंडिंगचं दुकान आठवलं. स्टोव्हवर मैद्याची खळ शिजायची, गुठळी होऊ नये म्हणून मी ढवळायची, आणि खाली उतरवायच्या आधी तुम्ही कागदाच्या पुडीतून निळा खडा काढून बारीक करून टाकायचात. मोरचूद. मला सांगायचात, हात लावू नको, विष आहे, हात तोंडात घातलास तर दवाखाना. मी विचारायचे कशाला घालता, तर म्हणायचात, "किड्याला कळावं म्हणून." कसर मुळात कागदापेक्षा खळीसाठीच येते. पिष्ट, साखर, डिंक, सरस, हे तिचं जेवण. तुम्ही तिच्या जेवणात मोरचूद कालवून ठेवलं होतं. हे सगळं तुम्हाला माहीत असताना तुम्ही फवारणीवाल्याला फोन कशाला केलात?

आजीच्या इरकलीचंही तेच. धुऊन, खळ घालून, कडक घडी करून ठेवली होती. ठेवणीतलं लुगडं खळ न घालता ठेवायचं, नेसायच्या आदल्या दिवशी घालायची. आणि ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र नको. मी तळातला 'पुढारी' काढला तर त्याची नुसती जाळी राहिली होती. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचं फडकं घाला, दर दोन महिन्यांनी झटकून बदला. खोक्यांत काही ठेवू नका. त्या नळीदार पुठ्ठ्यात खळही असते आणि लपायला जागाही. पत्र्याच्या ट्रंका चांगल्या आहेत, फक्त भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि खाली विटा घाला. विटा शेजारच्या पोराकडून लावून घ्या. बाबा, तुम्ही नाही. आणि माळ्यावर तर मुळीच चढायचं नाही, मागच्या वर्षीचं शिडीचं प्रकरण मी विसरलेली नाही.

आता घट बसायच्या आधी तुम्ही दसरा काढणारच. वाकळा, चादरी, पडदे सगळं धुणं निघेल, त्यातच ट्रंका घ्या. भाद्रपदाचं ऊन कडक असतं. सुती कपडे, गोधड्या दिवसभर गच्चीवर टाका, मधे एकदा उलटा. ट्रंका रिकाम्या करून तोंड सूर्याकडं ठेवा. लग्नाचे फोटो आणि रेशमी वस्त्रं मात्र उन्हात नको, सावलीत वारं लागेल अशी पसरा. फोटोच्या वरच्या चकाकणाऱ्या थरातही कसरीला खायला मिळतं, त्यामुळं अल्बमचं प्रत्येक पान उलटून मऊ ब्रशनं झाडा. पुस्तकं उभी उघडून, पानं पंख्यासारखी करून. हे झाडलेलं सगळं खाली जुन्या चादरीवर पडू द्या आणि चादर गरम पाण्यात टाका, नाहीतर अंडी परत फटीत जातात.

आजीच्या वहीचं मी इथं फ्रीजरमध्ये केलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बांधली आणि दोन आठवडे ठेवणार. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच ठेवायची, नाहीतर गारठ्यानं कागदावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. आमच्याकडं आता फ्रीजरमध्ये मटार, बर्फ आणि आजी आहे, असं मुलगा मित्रांना सांगत फिरतोय.

फटींमध्ये बोरिक पावडर चालते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात, कपाटाच्या मागं, अगदी पातळ, दिसेल न दिसेल इतकी. ढीग केला तर कसर वळसा घालून जाते. पण बोरिक म्हणून दादाच्या कॅरमची पावडर वापरू नका. पूर्वी ती बोरिकचीच असायची, हल्ली काही पिठासारख्या पिष्टाच्याही मिळतात, म्हणजे तुम्ही तिला जेवायला वाढाल. औषधाच्या दुकानातून नाव वाचून घ्या. ओट्याजवळ, पिठाच्या डब्याजवळ ती टाकायची नाही. आई, त्या विषारी खडूच्या रेघा तू ओट्याच्या कडेला ओढतेस आणि त्याच हातानं भाकरी थापतेस. ते आजपासून बंद.

डांबराच्या गोळ्यांचं तर मी हात जोडून सांगते. आई, तू प्रत्येक घडीत दोन-दोन घातल्यास, शिवाय बाबांच्या उशाच्या कपाटातही. बाबांना दमा आहे. रात्री खोकला वाढतो तो पावसामुळं असं तुम्ही म्हणता, मी त्या खोलीत झोपले तर माझंच डोकं धरलं. त्या सगळ्या काढ. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेव, आजी ठेवायची तसे, आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. त्यानं कसर मरत नाही, हे खरं सांगते. लांब राहते इतकंच. पाला हिरवा घालू नकोस, त्याचीच ओल होते.

मोरीचा पाइप सांध्यात गळतोय, तो प्लंबरला दाखवा. यादीत शेवटी लिहिला असला तरी काम पहिलं तेच. आणि बाबा, न्हाणीतल्या पालीला चप्पल मारणं बंद करा. ती कसर खाते. बिनपगारी आहे.

हे सगळं करूनसुद्धा कसर आठवड्यात जाणार नाही. दोन-तीन वर्षं सहज जगते, काही महिने उपाशी राहू शकते. मला फक्त बरणीतला आकडा कळवत जा. दर रविवारी सकाळी, आई मोजेल, बाबा लिहितील. अकराचे सहा झाले तर आपण बरोबर चाललोय. पंधरा झाले तर पाइप अजून गळतोय.

कोजागिरीला दोन दिवस सुट्टी काढून येते. वही बरोबर आणते. पाठ पार गेलीये, शेवटची आठ पानं सुटी आहेत, त्यात कटाच्या आमटीचं पान अर्धं खाल्लेलं. आई, ते तुला पाठ असेल तर आत्ताच कुठंतरी लिहून ठेव. बाबा, तुमची सुई, जाड दोरा आणि हाडाची पट्टी कुठं आहे ते शोधून ठेवा. मोरचुदाचा खडा मी इथूनच आणते. खळ मी ढवळते, शिवणार तुम्ही.

तुमची,
शुभा

ता. क. – मिक्सरच्या मागचा तो अजून सापडलेला नाही. मीही एक बरणी लावलीये.