पाट्या लावणारं कोण असेल?

प्रिय आई-बाबा,

आई, तू परवा परत विचारलंस, "कळलं का गं, कोण ते?" नाही कळलं. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या रस्त्यावर आता बऱ्याच पाट्या झाल्यात. वहीच्या पानाएवढे प्लायवूडचे तुकडे, पांढऱ्या रंगावर काळ्या ऑइलपेंटची अक्षरं, खांबाला तारेने आवळलेले. तारेची टोकं आत वळवलेली असतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला लागू नयेत म्हणून. एका पाटीवर आहे, "हा दिवा मध्यरात्रीनंतर विझतो. घाबरूं नये." दुसरीवर, "या बाकाचा डावा पाय डुगडुगतो. उजवीकडे बसावें." आणि चढ सुरू होतो तिथे: "येथून वर बसायला जागा नाहीं. दम लागला असेल तर आत्तांच बसा."

बाबा, ते अनुस्वार बघा. घाबरूं, बसावें, नाहीं. तुमच्या पत्रांत अजून असेच असतात. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आम्ही शाळेत ते कधी पाहिलेच नाहीत. म्हणजे पाटी लिहिणाऱ्याचा हात त्याआधी वळलाय. वय सत्तरीच्या पुढचं असणार. शिवाय दिवा मध्यरात्रीनंतर विझतो हे माहीत आहे, म्हणजे झोप लागत नसावी. बाई की पुरुष, ते मात्र मला ठरवता येत नाही. घाबरू नका असं आवर्जून लिहिणारी एखादी आजीच असेल, असं मला उगाचच वाटतं.

इथे काही लोकांचं म्हणणं आहे की सीसीटीव्ही बघून शोधून काढू या. मी बैठकीत विरोध केला, जरा जोरातच. ज्याला नाव सांगायचं असतं तो पाटीखाली लिहितो. ते लिहिलेलं नाही, तर तेवढा मान आपण ठेवायला हवा.

सिडनीत आर्थर स्टेस नावाचा माणूस होता. दारूत आयुष्याची माती झालेला, मग सावरलेला, जेमतेम अक्षरओळख असलेला. १९३२ पासून तो पहाटे उठून फुटपाथवर खडूने एकच शब्द लिहायचा, 'इटर्निटी', म्हणजे अनंतकाळ. वळणदार, सुरेख अक्षरात. कोण लिहितं ते शहराला १९५६ पर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या चर्चच्या पाद्रींनीच त्याला लिहिताना पाहिलं, तेव्हा कळलं. १९६७ मध्ये तो गेला, आणि २००० सालच्या स्वागताला तोच शब्द त्याच्याच वळणात हार्बर ब्रिजवर दिव्यांनी झळकला. जवळजवळ पाच लाख वेळा त्याने तो लिहिला असेल असा अंदाज सांगतात. मला त्या आकड्यापेक्षा त्याचं ते पहाटेचं उठणं मोठं वाटतं. कोणी बघणार नाही अशा वेळी जाऊन लिहायचं आणि घरी यायचं.

आता तुमची शंका, बाबा. तुम्ही म्हणालात, एवढं सगळं लिहिणारा माणूस एकटा असेल, त्याची चौकशी करायला नको का? हे मला पटलं, आणि म्हणूनच कॅमेऱ्याऐवजी दुसरा उपाय केला. बाकाच्या पायाला वेल्डिंग करून घेतलं आणि पाटीखाली चिठ्ठी चिकटवली: "पाय पक्का केला आहे. आणखी काय दुरुस्त करावं, कळवा. तुम्हाला काही लागलं तरी कळवा." खाली माझं नाव आणि घर नंबर. दोन-तीन दिवसांत ती पाटी निघाली. तार कापलेली नव्हती, सावकाश उलगडून काढलेली होती. कोणीतरी बसून, पाय हलवून बघून, खात्री करून गेलं असणार. मी फार आनंदले, आई. आता चढावर मधे एक बाक हवा, असा अर्ज मी आणि शेजारच्या वहिनी करतोय.

या पाट्या वाचल्यापासून तो रस्ता मी हळू चालून बघते. कुठे कठडा संपतो, कुठे फरशी वर आली आहे, कुठे सावली नाही. आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही दोघं डोळ्यांसमोर येता. तेव्हा बाबा, "तब्येत उत्तम" एवढ्यावर भागवू नका. घरातून निघाल्यावर तुम्ही कुठे टेकता, आईचा गुडघा कुठल्या पायरीला कुरकुरतो, रात्री उठल्यावर कुठे अंधार लागतो, सगळं सविस्तर लिहा. तुमच्या अनुस्वारांसकट.

आणि जिन्याची लांबी मोजून पाठवा. भिंतीच्या बाजूलाही कठडा बसवून घ्यायचाय. पुढच्या वेळी येईन तेव्हा माणूस बोलावून कामच करून टाकू. आई, टेप तू धर. बाबांना वाकू देऊ नकोस.

तुमची,
ताई